पाऊस सरासरीइतका, तरी नाला डिसेंबरातच का आटतो?

वावर_काटोल

काटोल तालुक्यातला नाला आहे, पाणी पुढे वर्धेच्या खोऱ्यात जाते. पूर्वी धार मार्चपर्यंत टिकायची, आता डिसेंबर सरायच्या आत तुटते. मागे राहतात ते दोन-तीन डोह. पात्र सुमारे १२ मीटर रुंद. तळाला पूर्वी रेती होती, आता बऱ्याच ठिकाणी काळा खडक उघडा पडलाय. दोन्ही काठांना संत्र्याचे बगीचे, बहुतेक आंबिया बहाराचे (हिवाळ्याच्या शेवटी फुलणारा हंगाम). पावसाची बेरीज फारशी घटलेली नाही.

गावात नाला खोलीकरणाचा प्रस्ताव आहे. त्याने धार परत येईल का? आणखी एक. नागपुरात नागनदी भर मे महिन्यात वाहते आणि गावाकडचा नाला कोरडा, हे कसे?

भूजल_विदर्भ

नागनदी या तुलनेतून बाजूला काढा. उन्हाळ्यात तिच्यात वाहते ते मुख्यतः शहराचे सांडपाणी. शहर पाणी घेते पेंच आणि कन्हानमधून. म्हणजे मे महिन्यात नागनदीत दिसते ते दुसऱ्या नद्यांचे वापरून टाकलेले पाणी आहे. त्यावरून नदी जिवंत असल्याचा अंदाज काढता येत नाही.

आता तुमचा नाला. पाऊस उघडल्यावर आठ-दहा दिवसांनी त्यात जे वाहते ते जमिनीतून झिरपून आलेले पाणी असते. हिमालयातल्या नद्यांना उन्हाळ्यात बर्फ वितळून पाणी मिळते, आपल्या नाल्यांना भूजलाशिवाय दुसरा पुरवठा नाही. काठच्या विहिरीतली पातळी पात्राच्या तळापेक्षा उंच असेल तोवर पाणी जमिनीतून नाल्यात येते. ती तळाच्या खाली गेली की झिरपा बंद होतो आणि वरून आलेले पाणीही पात्र पिऊन टाकते. धार तुटण्याचा दिवस हाच.

काटोलकडचा खडक बेसाल्ट. कुजलेल्या, भेगाळ बेसाल्टमधून उपसता येणारे पाणी त्याच्या आकारमानाच्या जेमतेम २ टक्के असते, नदीकाठच्या रेताड गाळात ते १६ टक्क्यांच्या आसपास धरतात. हा खडक लहान भांड्यासारखा आहे, लवकर भरतो आणि तितक्याच लवकर रिकामा होतो. पावसाचे ७ ते १३ टक्के पाणी त्यात मुरते असे भूजलाच्या अंदाजात धरले जाते. १००० मिमी पावसातून समजा १०० मिमी मुरले, तर २ टक्क्यांच्या खडकात पातळी ५ मीटर चढते. उलटही तेवढेच खरे. १०० मिमी उपसा झाला की पातळी ५ मीटर उतरते, आणि नाल्याची धार तुटायला एवढा फरक पुरेसा असतो.

पावसाच्या बेरजेवरही विसंबू नका. काळी माती भिजून फुगली की तासाला काही मिलिमीटरच पाणी आत घेते. तोच पाऊस कमी दिवसांत, मोठ्या सरींनी पडला तर बेरीज सारखी दिसते, मुरणे मात्र घटते. पावसाच्या नोंदीत एकूण मिलिमीटरसोबत पावसाचे दिवस मोजा.

ठिबक_हिशेब

भूजल_विदर्भ यांचा १०० मिमीचा आकडा पुढे नेतो. १०० मिमी म्हणजे हेक्टरी १० लाख लिटर.

६ बाय ६ मीटरवर हेक्टरी २७७ झाडे बसतात. आंबिया बहारासाठी दिलेला ताण (झाडाचे पाणी काही काळ बंद ठेवणे) तोडला की फेब्रुवारी ते मे असे १२० दिवस पाणी द्यावे लागते. मोठ्या झाडाला ठिबकने सरासरी दिवसाला १०० लिटर धरा, मे महिन्यात गरज याहून बरीच वर जाते. २७७ × १०० × १२० = ३३ लाख लिटरच्या वर. म्हणजे एका हेक्टरच्या बगीच्याला तीन हेक्टरांहून जास्त जमिनीत मुरलेले पाणी लागते, तेही फक्त चार महिन्यांत. पाणलोटाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त जमीन बगीच्याखाली गेली की जमिनीत दर वर्षी तूट राहते. पुढचा पावसाळा आधी ती तूट भरतो. पातळी पात्राच्या वर उशिरा आणि थोडीच चढते, मग डिसेंबरात खाली येते.

हा संत्र्याचा दोष नाही. झाडे किती लावायची ते पाणी मोजून ठरले नाही, एवढेच.

वावर_काटोल

पण आता विहिरीवर फारसे कोणी अवलंबून नाही. उपसा ३०० फुटांच्या बोअरमधून होतो. इतक्या खालचे पाणी काढल्याने वरच्या नाल्याला काय फरक पडतो?

भूजल_विदर्भ

बेसाल्ट थरांवर थर असा रचलेला असतो. वर मुरूम आणि भेगाळ भाग, त्याखाली घट्ट कातळ, मग पुन्हा पाणी धरणारा थर. बोअर हे सगळे थर एका भोकाने जोडते. केसिंग पाइप बहुधा मुरमापुरताच टाकतात, त्याखाली भोक उघडे असते. खालच्या थरातली पातळी उपशाने उतरली की वरच्या थरातले पाणी भोकातून खाली पडू लागते. पंप बंद ठेवून बोअरच्या तोंडाशी कान लावा, पाणी पडल्याचा आवाज येत असेल तर ते नाल्याच्या वाट्याचे पाणी आहे. पंप बंद असला तरी ही गळती चालूच राहते. सोडून दिलेली कोरडी बोअर उघडी ठेवणेही म्हणूनच वाईट, आणि लहान मुलांच्या जिवालाही धोका. ती नीट बुजवा.

रेती_आणि_डोह

रेती गेली म्हणून धार गेली, असे गावोगाव सांगितले जाते. हिशेब करून पाहू. १ किमी लांब, १२ मीटर रुंद, दीड मीटर जाड रेती म्हणजे १८,००० घनमीटर. त्यातून १५ टक्के पाणी मिळेल असे धरले तर २७ लाख लिटर. वर सांगितलेल्या एका हेक्टर बगीच्याच्या गरजेपेक्षाही कमी! तेव्हा मुख्य कारण रेती नाही.

तरीही तिचे काम मोठे आहे. दोन-अडीच फूट रेतीखालच्या पाण्याला ऊन जवळजवळ लागत नाही. धार तुटल्यावरही झिरा (रेतीतला खड्डा) खोदला की गुरांना पाणी मिळते ते त्यामुळेच. रेती पुराचा वेगही आवरते. खडक उघडा पडला की पाणी पोटात न थांबता सरळ निघून जाते.

बाष्पीभवनालाही उगाच दोष दिला जातो. मे महिन्यात उघड्या पाण्यावरून दिवसाला १० मिमी किंवा जास्त उडते. १ किमी लांब, ४ मीटर रुंद धारेवरून ४०,००० लिटर. डिसेंबरात हे निम्म्याहून कमी असते. ५ एचपीचा एक पंप २० मीटरवरून सेकंदाला सुमारे ९ लिटर उचलतो, म्हणजे सहा तासांत १ लाख ९० हजारांच्या वर.

बंधारा_दुरुस्ती

खोलीकरणाबद्दल माझे मत स्पष्ट आहे. आधी खड्डा घेऊन तळ पाहा, मग जेसीबी बोलवा.

तळाशी गाळ साचलेला असेल तर तो काढल्याने फायदा होतो. चिकण गाळाचा थर मुरणे थांबवतो आणि पहिल्याच पावसाळ्यात परत बसतो, म्हणून दर मे महिन्यात काढावा लागतो. पण मुरूम फोडून भेगाळ खडकात सलग चर नेला, तर पात्राचा तळ काठच्या विहिरीतल्या पाण्याखाली जातो. सप्टेंबरात नाला भरपूर वाहताना दिसतो, लोक खूश होतात. प्रत्यक्षात विहिरींचे पाणी वेळेआधी वाहून जात असते. खोदायचेच असेल तर सलग नको. तुकड्यातुकड्यांनी खोदा आणि मधले नैसर्गिक कातळाचे आडवे पट्टे तसेच राखा, म्हणजे डोहांची साखळी तयार होते.

सिमेंट बंधाऱ्याचा पाया कातळापर्यंत गेला नाही तर पाणी खालून निघून जाते. बंधाऱ्याखाली दहा-वीस पावलांवर ओल किंवा बुडबुडे दिसले की समजावे. कोल्हापुरी बंधाऱ्यात बरगे (पाणी अडवणाऱ्या, काढता-घालता येणाऱ्या फळ्या) पाऊस सरताना, साधारण ऑक्टोबरच्या मध्याला बसवावेत. दिवाळी होऊ दिली तर अडवायला धारच उरलेली नसते. बरग्यांची रबरी सील दर वर्षी तपासा, फटीतून रात्रंदिवस गळणारे पाणी कोणी मोजत नाही. जूनपूर्वी बरगे काढून नीट रचून ठेवा. नाहीतर ते वाकतात किंवा पुरात वाहून जातात.

भूजल_विदर्भ

सहमत. प्रस्ताव मंजूर होण्याआधी हे मोजून घ्या, खर्च जवळजवळ शून्य.

१) काठापासून ५० ते २०० मीटरवरच्या तीन-चार विहिरी निवडा. सकाळी पंप सुरू व्हायच्या आत वजन बांधलेल्या टेपने पातळी मोजा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा तिच्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरात मोजते, त्याच महिन्यांत मोजलेत तर तुलना करता येईल. ऑक्टोबर ते जानेवारी मात्र दर पंधरवड्याला मोजा.

२) विहिरीचा काठ आणि पात्राचा तळ यांच्या उंचीतला फरक पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने काढा. पाणी तळापेक्षा किती वर किंवा खाली आहे ते कळेल.

३) धार मोजा. सरळ १० मीटरचा भाग घ्या, रुंदी आणि चार-पाच ठिकाणची खोली मोजून सरासरी काढा, मग संत्रे सोडून वेळ मोजा. संत्रे बहुतांश बुडून तरंगते, त्यामुळे वारा त्याला ढकलत नाही. पाच वेळा करा. पृष्ठभागाचे पाणी तळापेक्षा जोरात धावते, म्हणून वेगाला ०.८ ने गुणा. उदाहरणार्थ २ मीटर रुंद, १५ सेंमी खोल, १० मीटरला ४० सेकंद: ०.३ × ०.२५ × ०.८ = सेकंदाला ६० लिटर. म्हणजे ५ एचपीच्या सहा-सात पंपांइतकी धार. काठावर एकाच वेळी किती पंप चालतात ते मोजून शेजारी लिहा.

मोजणी दर वेळी पहाटेच करा. काठच्या अर्जुन, करंज, उंबराच्या मुळांमुळे दुपारी धार थोडी घटते आणि रात्रीतून भरते.

वावर_काटोल

चार विहिरी ठरल्या, त्यातली एक उतारावरच्या बगीच्यातली आहे. नळी ३० मीटरची मिळाली. अंतर त्याहून लांबचे असेल तर उंचीतला फरक टप्प्याटप्प्याने घेतला तर चालेल ना?

भूजल_विदर्भ

चालेल भाऊ. प्रत्येक टप्प्यावर खुंटी ठोका आणि नळीत बुडबुडा राहिला नाही ना ते आधी पाहा, बहुतेक चुका तिथेच होतात. शेवटी उलट दिशेने परत मोजत या. जाताना आणि येतानाच्या आकड्यात ५ सेंमीपेक्षा जास्त फरक आला तर पुन्हा घ्या.