काजू-दाणे वाटीने मोजायचे की ग्रॅमने? (काजूकतली फसल्यावर काढलेला धागा)

तूपसाखर:
परवा काजूकतली केली. कृतीत होतं एक वाटी काजूची पूड, अर्धी वाटी साखर, अगदी तसंच घेतलं तरी गोडमिट्ट झाली आणि वड्या अशा कडक की सुरीच चालेना. मग चिडून सगळं काट्यावर ठेवून बघितलं. माझी वाटी 150 मिलीची, तिच्यात अख्खे काजू साधारण 85 ग्रॅम बसतात, पूड न दाबता भरली तर जेमतेम 65. आणि अर्धी वाटी साखर भरली 62 ग्रॅम! म्हणजे जवळजवळ काजूएवढीच साखर घातली की मी. काजूच्या निम्मी साखर हे प्रमाण वजनाचं आहे, वाटीचं नाही, असं माझं ठाम मत झालंय. सुकामेव्याच्या कृती ग्रॅममध्येच लिहाव्यात. बोला.

खमंग_कूट:
बोलते. पाक एकतारीच्या पुढे गेला असणार तुमचा, वाटीला कशाला दोष? आमच्याकडे दाण्याची चिक्की, लाडू, वड्या सगळं वाटीनेच होतं, हाताला अंदाज असतो. आता साबुदाण्याच्या खिचडीचं कूटही तोलायचं का?

काटेकोर:
खिचडीचं कोण बोलतंय ताई, तिथे दोन चमचे इकडेतिकडे झाले तर कुणाला कळत नाही, वडीत कळतं. खरी गंमत लिहिण्यात आहे. 'एक वाटी काजू, पूड करून' आणि 'एक वाटी काजूची पूड' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक सर्रास एकाच्या जागी दुसरं लिहितात. दाण्यांचं घ्या, 150 मिलीच्या वाटीत अख्खे दाणे 90 ग्रॅम, सैल कूट 70 च्या आसपास, आणि तेच कूट ठोकून ठोकून भरलं की परत 90 कडे जातं. आता सांगा तुमच्या कृतीतली वाटी ठोकलेली की सैल? शिवाय दाणे भाजून सालं पाखडली की वजन उतरतं, त्यामुळे ग्रॅम लिहिणाऱ्यांनीही कच्चे की भाजलेले ते सांगावं, नाहीतर काटा असून उपयोग शून्य.

खमंग_कूट:
मग कृती नीट लिहा ना! काट्याचा काय संबंध. पूर्वी अख्खं गाव पायली-शेराने मोजायचं, उपाशी नाही राहिलं कोणी.

मापटं:
माझ्या खानदानाचा विषय निघाला म्हणून आलो हाहा. चार शेरांची पायली, पण तिथेही शीग लावून की सपाट यावरून कुरबुरी व्हायच्याच. आणि धान्याचा दाणा बारीक, माप कसं छान भरतं. अक्रोडाच्या मगजांमध्ये निम्मी हवाच.

सातासमुद्रापार:
हवेवरून आठवलं, इथे अमेरिकेत केकच्या कृती कपात असतात, कप साधारण 240 मिलीचा. अक्रोडाचे अर्धे मगज कपात 100 ग्रॅम, तेच बारीक चिरून भरले तर 120 च्या आसपास. अख्खे बदाम 140, बदामाची पूड मात्र शंभराच्या आतबाहेर. म्हणजे अक्रोड चिरल्यावर जास्त बसतात आणि बदाम दळल्यावर कमी, अंदाज करायचा तरी कसा? मी सरळ काटा आणला. वाटी किती मिलीची ते कळत नसेल तर काट्यावर ठेवून शून्य करा, पाणी भरा, जितके ग्रॅम तितके मिली.

खमंग_कूट:
हे पाण्याचं बरं आहे. पण काटा घ्यायला लावताय शेवटी!

तूपसाखर:
काल परत केली. काजू पाव किलोचं अख्खं पाकीट, वजन त्यावर छापलेलंच असतं. साखर 125 ग्रॅम, म्हणजे माझी बरोब्बर एक सपाट वाटी. पाक एकतारी. वड्या मऊसूत.

खमंग_कूट:
म्हणजे साखर वाटीनेच मोजलीत ना?