कोजागिरीचा सिनेमा कुणी निवडला होता?

पाटील दादा (चेअरमन, अ-२०१): काल गच्चीवर सगळे आले, छान वाटलं. दुधाचं मोठं पातेलं जिन्यात राहिलंय, ज्यांचं असेल त्यांनी घेऊन जावं. प्रोजेक्टरचं भाडं वर्गणीतून दिलंय. एक विचारायचं होतं, सिनेमा कुणी निवडला होता?

नरेंद्र (क-१०३): मी पण तेच विचारू राहिलो दादा. अख्खा पिक्चर म्हणजे एक घर आणि ऊस. भूत कुठं होतं? बजेट नव्हतं तर भुताचा पिक्चर काढायचा कशाला?

स्वाती (ब-२०२): तुम्हाला नसेल दिसलं भाऊ, मला दिसलं. मी रात्री बाथरूमचा लाईट चालूच ठेवला.

शोभाताई (ब-३०४): मी निवडला होता, दादा. लहान मुलं खाली गेल्यावरच लावायला सांगितला होता. विशाल फुरियांचा 'लपाछपी', २०१७ साली थेटरात आला. पुन्हा विचारलं तर पुन्हा हाच सांगेन.

नरेंद्र भाऊ, भूत कुठं होतं ते सांगते. ते उषा नाईकांच्या बोलण्यात होतं. ती तुळसाबाई पोटुशा नेहाला आग्रहानं जेवू घालते, डोक्यावरून हात फिरवते, पोटाकडे बघते. किती गोड बोलते! असं गोड बोलून सुनेला गप्प करणाऱ्या बाया आपण लग्नकार्यात, बारशाला पाहिलेल्या आहेत. मला भीती तिथं वाटली. सिनेमातली ती मुलं दिसतात, तो प्रसंग मला त्यामानानं साधा वाटला.

आणि उसाबद्दल म्हणाल तर तोच खरा सेट आहे. भर उन्हात नेहा पळते आणि जिकडे वळावं तिकडे तेच. अंधार नाही, वाडा नाही, धूर नाही. आपल्याकडे शेतात वाढलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

नरेंद्र (क-१०३): ते ठीक आहे ताई. पण पैसे असते तर अजून चांगला झाला असता ना? हिंदीत परत केलाच की त्यांनी.

शोभाताई (ब-३०४): केला. २०२१ चा 'छोरी', दिग्दर्शकही तेच. नुसरत भरुचा आहे, मीता वशिष्ठ आहेत, त्यांचं काम चोख आहे. चित्र जास्त देखणं झालं. तरी मराठीतलं घर बघताना वाटतं की हे आपल्याच पाव्हण्याचं घर आहे, हिंदीतलं घर बघताना सिनेमातलं घर वाटतं. मी दोन्ही लक्ष देऊन पाहिलेत, त्यावरून सांगते.

बापू (अ-००१): माले ते रामसेस्नाच पिक्चर आवडतस. 'पुराना मंदिर' यात्रामा देखा व्हता, तंबूना टाकीजमा. घर येतलोंग मांगे वळीसन देखं नही.

स्वाती (ब-२०२): बापू 😄 किती साली?

बापू (अ-००१): साल याद नही बेटा. पन तो सामरी याद शे.

शोभाताई (ब-३०४): बापू, पिक्चर १९८४ चा. त्यातला राक्षस सामरी म्हणजे अनिरुद्ध अगरवाल. त्या माणसाची मुळातली उंची आणि चेहराच असा की मेकअपवाल्याचं निम्मं काम आधीच झालेलं होतं.

रामसे भावांची गोष्ट सगळ्यांनी ऐकण्यासारखी आहे. वडिलांनी १९७० साली 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' काढला आणि तो पडला. पण पोरांच्या लक्षात आलं की त्यात पृथ्वीराज कपूर मुखवटा घालून चोरी करतात, तेवढा प्रसंग बघायला माणसं येतात. मग ठरवलं की लोकांना हेच हवं असेल तर अख्खा पिक्चर त्याचाच काढू. १९७२ साली 'दो गज जमीन के नीचे' आला. मोजकी माणसं घेऊन महाबळेश्वरला गेले आणि तिथंच उरकला. भाऊ सात. तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करायचे, गंगू कॅमेरा, किरण आवाज, अर्जुन एडिटिंग, कुमार लिहायचा. बाहेरच्याला पगार द्यायचा प्रश्नच फारसा नाही. धंदा मोठ्या शहरातल्या बड्या थेटरांवर नव्हताच, तो आपल्यासारख्या गावांवर आणि यात्रेतल्या तंबूंवर होता. बापूंसारख्या माणसांनी ते घर चालवलं.

मला त्यांच्या सिनेमातली गाणी आणि विनोद सहन होत नाहीत, हेही खरं. भीती जमत आलेली असते आणि मध्येच एखादा विनोदी नोकर येऊन सगळं सांडून टाकतो. पण दार करकरतं, वारा सुटतो, मागं काहीतरी घुमतं, तो आवाज त्यांनी किती कष्टानं बसवलाय ते नीट ऐका.

पाटील दादा (चेअरमन, अ-२०१): मध्येच सांगतो. टाकी धुवायची आहे, ११ पर्यंत पाणी भरून ठेवा. चालू द्या.

नरेंद्र (क-१०३): ताई तुमचा अभ्यास आहे, मान्य. पण हल्ली मोबाईलवर जे स्वस्तातले हॉरर येतात ते बघवतात का? मी दहा मिनिटांत बंद करतो.

शोभाताई (ब-३०४): बंदच करायला पाहिजेत! त्यात तुमचं अगदी बरोबर आहे. पैसा कमी आहे म्हणून मी कुणाला माफ करत नाही. ड्रोनवरून जंगल दाखवायचं, सगळ्या चित्राला निळा रंग फासायचा, चार मित्रांना फार्महाऊसवर पाठवायचं आणि दर पाच मिनिटांनी कानाजवळ धाडकन आवाज काढायचा. ह्यात माणूस दचकतो, घाबरत नाही. मांजर अंगावर पडलं तरी माणूस दचकतो. पिक्चर संपला की त्यातलं काही सोबत घरी येत नाही.

मला राग कशाचा येतो सांगू? ह्या लोकांना एकटं घर, एक नट, एक रात्र एवढं मिळालेलं असतं आणि ते त्याकडे बघतच नाहीत. अमेरिकेत ओरेन पेलीनं स्वतःच्या राहत्या घरात 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी' केला. खर्च १५ हजार डॉलरच्या आसपास. कॅमेरा बेडरूममध्ये स्टँडवर उभा, जोडपं झोपलेलं, कोपऱ्यात घड्याळ पळतंय. बस. प्रेक्षक स्वतःच चित्रात शोधायला लागतो, दार हललं का, चादर हलली का. २००७ साली केला, २००९ साली सगळीकडे लागला आणि जगभरातून १९ कोटी डॉलरच्या वर कमाई झाली. त्याच्या नंतर निघालेल्या भागांत जास्त दाखवायला लागले, तसतशी माझी भीती कमी होत गेली.

१९७८ चा 'हॅलोविन' घ्या. खुन्याला मुखवटा हवा होता, पैसे नव्हते. दुकानातून 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा मुखवटा आणला आणि पांढरा रंगवला. संगीताला माणूस कुठून आणणार, म्हणून दिग्दर्शक जॉन कारपेंटरनं स्वतःच पियानो वाजवला. त्या चेहऱ्यावर काही भावच नाही, म्हणून तो बघवत नाही.

स्वाती (ब-२०२): शोभाताई, भूत नको पण धाकधूक हवी असं काही सांगा ना. मला खुनाचे, संशयाचे आवडतात. हिंदी चालेल.

शोभाताई (ब-३०४): मग रामगोपाल वर्माचा 'कौन', १९९९ चा. ऊर्मिला मातोंडकर, मनोज वाजपेयी, सुशांत सिंग, एवढीच माणसं. पावसाळी रात्र, बाई घरात एकटी, टीव्हीवर खुन्याची बातमी आणि बेल वाजते. गाणं एकही नाही. दार उघडायचं की नाही ह्या एका प्रश्नावर किती वेळ ताणलाय बघा. मनोज वाजपेयींचं ते अघळपघळ बोलणं ऐकताना हसू येतं आणि त्याच हसण्याची धास्ती वाटते. शेवट कुणी सांगू नका ग्रुपवर, हात जोडते.

त्याच्याही आधीचा यश चोप्रांचा 'इत्तेफाक', १९६९. राजेश खन्ना आणि नंदा, एक रात्र, बहुतेक सगळं एकाच घरात. त्यातही गाणी नाहीत. 'धुम्मस' नावाच्या गुजराती नाटकावरून केलेला. त्या काळात बिनगाण्याचा हिंदी सिनेमा म्हणजे काय धाडस असेल!

नरेंद्र (क-१०३): 'कौन' पाहिलाय मी. तो भारी आहे. पण मग कालचा का नाही आवडला मला, तेच कळत नाही. शेवटी शेवटी अस्वस्थ वाटू राहिलं, म्हणून उठून दूध आणायला गेलो, खरं सांगतो.

शोभाताई (ब-३०४): भाऊ, तुम्ही हे मोकळेपणानं लिहिलंत ते फार बरं केलंत. कारण माझ्या मनात हाच विषय होता. तो सिनेमा पोटातल्या मुलींचा आहे. २०११ च्या जनगणनेत आपल्या जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुली साडेआठशेच्याही खाली होत्या. राज्यातल्या सगळ्यात वाईट जिल्ह्यांत आपण होतो. गच्चीवर बसलेल्यांपैकी कुणाच्या ना कुणाच्या घराण्यात काही घडलेलं असणारच, मी कुणाकडे बोट दाखवत नाही. म्हणून तो इथं, आपल्यात बसून बघावा असं वाटलं. कोट्यवधी खर्चून तयार केलेला राक्षस कुठल्याही गावात दाखवा, सारखाच. हा सिनेमा जळगावात वेगळा लागतो.

वैशाली (क-३०१): ताई, सासूबाई काल काहीच बोलल्या नाहीत. आज सकाळी स्वयंपाकघरात स्वतःहून जुनं काही बोलल्या. इथं लिहीत नाही. भेटल्यावर सांगते.

शोभाताई (ब-३०४): ये ग संध्याकाळी. मी घरीच आहे.

कल्पेश (अ-३०२): काकू, मी आणि कॉलेजचे मित्र शॉर्टफिल्म करतोय. रावेरला मामांची केळी आहे, तिथं शूट करायचं आहे. पांढऱ्या साडीतली बाई, धूर सोडायचं मशीन आणि ड्रोन मिळतोय एका दिवसासाठी. चालेल ना?

शोभाताई (ब-३०४): कल्पेश, अजिबात नको! साडी नको, धूर नको, ड्रोन परत दे. केळीचा बाग तुला फुकट मिळालाय आणि तू वरून त्याचा नकाशा काढणार?

मामांना विचार, रात्रपाळीची लाईट असली की ठिबकचे व्हॉल्व्ह फिरवायला कोण जातं, कसं जातं. एकटा माणूस, हातात बॅटरी. घडांना घातलेल्या पिशव्या बॅटरीच्या उजेडात कशा दिसतात ते तू पाहिलंस का? माणसाच्या उंचीवर, रांगेनं लटकलेल्या. वाळलेलं पान पानावर घासतं तो आवाज कुठल्या मशीनमधून येणार नाही. आणि मग मोटर बंद पडते. तेवढा वेळ मागं चाललेली घरघर थांबते. तिथं तुझी फिल्म सुरू होते.

नरेंद्र (क-१०३): यावल-रावेरकडे बिबट्याची भीती असतेच रात्री. माझा भाऊ तर काठी घेतल्याशिवाय जात नाही. शेवटी बिबट्या दाखव रे कल्पेश.

कल्पेश (अ-३०२): दाखवू का काकू? नेटवरून व्हिडिओ घेऊन जोडता येईल.

शोभाताई (ब-३०४): जोडलेला कळतो रे, आणि कळला की लोक हसतात. बिबट्या असेल, नसेल, त्या माणसाला खात्री नाही एवढंच ठेव. नरेंद्र भाऊंची काठी मात्र घे, ती चांगली आहे. काठी कुठंतरी टेकवून तो व्हॉल्व्ह फिरवतो आणि नंतर ती जागेवर नाही.

आवाज वेगळा घ्यायचा. शूट संपलं की सगळ्यांना गप्प बसव आणि फोन केळीत ठेवून नुसता बागेचा आवाज भरून घे. बहुतेक पोरं चित्रावर मेहनत घेतात आणि आवाजावर मार खातात.

बापू (अ-००१): मोटरवाला धल्ला पाहिजे व्हई ते मी शे.

कल्पेश (अ-३०२): बापू, मोटरवाल्या म्हाताऱ्याचं काम तुमचंच, पक्कं 🙏 रविवारी मामांकडे जाऊन येतो, मग स्क्रिप्ट लिहितो.

शोभाताई (ब-३०४): उजेड एका बॅटरीचाच, दुसरा लावायचा नाही. आणि त्या माणसाची बायको त्या वेळी घरी काय करते आहे, ते लिहिल्याशिवाय स्क्रिप्ट मला दाखवायला आणू नको.