मदत हवी आहे : आईचा गुडघा बदलल्यानंतरचे व्यायाम

आईच्या (वय ६८) उजव्या गुडघ्याचं सांधेरोपण होऊन ६ आठवडे झाले. पाय सरळ होतो, पण वाकतो जेमतेम ८० अंश. जिन्याला, खुर्चीतून उठायला ९० च्या पुढे लागतो. गुडघा वाकवायच्या व्यायामात टाच मागे सरकवायला घेतली की कळ येते, आई थांबते, आणि मला तिच्यावर जबरदस्ती करवत नाही. त्यात डेक्सा तपासणीत (हाडांची घनता मोजतात ती) टी-स्कोअर उणे २.७, म्हणजे हाडं ठिसूळ. पडायची इतकी धास्ती घेतलीय की वॉकर सोडतच नाही. पायावर भार पडल्याशिवाय हाडं टिकत नाहीत, हे तिला पटवू कसं? व्यायामाआधी दुखण्याची गोळी कुणाला डॉक्टरांनी दिली होती का? ८० वरून पुढे कुणाचा गुडघा कसा वाकला, कृपया सविस्तर सांगा. कराडमध्ये घरी येणारे फिजिओथेरपिस्ट माहीत असतील तर तेही कळवा.