अनगुड म्हणजे 'वाईट' नव्हे

ऑर्वेलच्या '१९८४' या कादंबरीच्या मराठी अनुवादात 'अनगुड'साठी सरळ 'वाईट' लिहावं, या सूचनेशी असहमत. या कादंबरीत (१९४९) सरकारने लादलेल्या न्यूस्पीक या भाषेचा डावच हा आहे की 'वाईट' हा शब्द कोशातून गेला. 'गुड' ठेवला की 'अनगुड', 'प्लसगुड', 'डबलप्लसगुड' एवढ्यात काम भागतं. मराठीत त्यासाठी 'अचांगलं' म्हटलं तर कानाला खटकतं, कारण नकाराचा 'अ' आपण सहसा तत्सम शब्दांनाच लावतो. पण इथे खटकायलाच हवं.

कादंबरीच्या शेवटी न्यूस्पीकवरच्या परिशिष्टात शब्दांचे अ, ब, क असे तीन गट आहेत: रोजच्या व्यवहाराचे, राजकीय जोडशब्द आणि शास्त्रीय संज्ञा. खरी गंमत ब गटात. 'जॉयकॅम्प' म्हणजे सक्तमजुरीची छावणी. असे शब्द आखूड आणि झटपट उच्चारता येणारे हवेत, म्हणजे बोलताना विचाराला उसंत मिळत नाही. 'कॉमिन्टर्न' हे लघुरूप तोंडातून सहज निसटतं. 'कम्युनिस्ट इंटरनॅशनल' म्हणताना क्षणभर तरी थांबावं लागतं, हे तिथलंच उदाहरण. म्हणून 'आनंद-पुनर्वसन-केंद्र' असला लांबलचक पर्याय अर्थाने जवळ असला तरी चुकीचाच, 'सुखतळ' चालेल.

बर्जेसच्या 'अ क्लॉकवर्क ऑरेंज' या कादंबरीतल्या (१९६२) नॅडसॅट भाषेचं गणित मात्र उलटं आहे. ती सरकारने लादलेली भाषा नाही, पोरांची टोळीभाषा आहे आणि बरीचशी रशियनवरून घेतलेली. 'हॉररशो'च्या मागे रशियन 'खराशो', म्हणजे 'छान'. तिथे तळटीपा दिल्या तर मजाच जाते. शब्द तीन-चार वेगवेगळ्या प्रसंगांत आला की वाचकाला आपोआप कळतो.