शस्त्रक्रियेसाठी रुग्ण पुढे पाठवताना उशीर नेमका कुठे होतो?

प्रश्न:
अल्प उत्पन्न असलेल्या देशांत लहान रुग्णालयातून मोठ्या रुग्णालयाकडे शस्त्रक्रियेसाठी पाठवलेले रुग्ण बरेचदा उशिरा, आणि ‘पोटदुखी, पुढील उपचारांसाठी’ एवढाच मजकूर असलेली चिठ्ठी घेऊन पोहोचतात. दोष चिठ्ठीचा मानावा की अंतराचा?

प्रतिसाद १:
दोन्हींचा, परंतु चिठ्ठी सुधारायला फारसा खर्च येत नाही, म्हणून सुरुवात तिथून करावी. आतड्याला छिद्र पडल्याचा संशय असेल, तर दुखणे केव्हा सुरू झाले, नाडी व रक्तदाब किती होता, लघवी होते आहे का, कोणते प्रतिजैविक किती वाजता दिले, हे लिहिलेले नसल्यास पुढच्या डॉक्टरांना सारे पहिल्यापासून विचारावे लागते. आधी फोन केला, तर भूलतज्ज्ञ उपलब्ध नाहीत किंवा रक्त शिल्लक नाही, हे रुग्ण निघण्यापूर्वीच कळते.

प्रतिसाद २:
माझे मत थोडे वेगळे आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या जागतिक शस्त्रक्रिया आयोगाने २०१५ मध्ये सिझेरियन, पोट उघडून करायची शस्त्रक्रिया आणि उघड्या अस्थिभंगावरील (हाड मोडून वरची त्वचाही फाटलेली असणे) उपचार करू शकणारे रुग्णालय दोन तासांच्या आत गाठता यावे, हा निकष मांडला. त्यामुळे हे तीन उपचार जवळच्या रुग्णालयातच होऊ लागले, तर पुढे पाठवण्याची वेळच कमी येईल. नुसती चिठ्ठी सुबक करून काय साधणार?

प्रश्नकर्ता:
पटले. मात्र शस्त्रक्रियेनंतर टाके कोणी काढायचे, हे सांगणारी परतीची चिठ्ठी आमच्याकडे क्वचितच येते, तिचाही विचार व्हावा.