उमेदवारी 'मिळाली' की 'जिंकली'?

तिखटमीठ: इथल्या मंडळाच्या अंकासाठी एक लेख मराठीत करतेय, अमेरिकेत 2028 ला कोण उभं राहील, पक्ष उमेदवार निवडतात ते कितपत सरळ असतं वगैरे. नुसता मनात मांडे खाणारा, प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवायला लोक मत देतात ती निवडणूक) उतरलेला आणि पक्षाच्या अधिवेशनात पक्का झालेला, तिघांनाही मी 'उमेदवार'च लिहिलंय, बहीण म्हणे मग भांडण कुणाकुणात आहे? शिवाय '2024 ला कमला हॅरिसना उमेदवारी मिळाली' लिहिलं तर संपादक म्हणतात 'जिंकली' करा.

झेडपीवाला: पहिला इच्छुक, तिसरा अधिकृत उमेदवार. मधला आपल्याकडे नाहीच, कारण प्रायमरी नाही. इथे इच्छुकांच्या मुलाखती होतात, चहा-बिस्किटं होतात आणि शेवटच्या दिवशी तीनला दहा मिनिटं असताना कुणीतरी बुलेटवरून एबी फॉर्म, म्हणजे पक्षाचं अधिकृत उमेदवारीपत्र, घेऊन येतो, तो भलत्याच्याच नावाचा. फ्लेक्सवर टाकायचं असेल तर 'भावी'.

जुनं_खोड: उमेद फारसी, म्हणजे जो आशेवर आहे तोच खरा उमेदवार, पक्का झाला की खरं तर त्याने तो शब्द सोडायला हवा. आमचे आजोबा मामलेदार कचेरीत दीड वर्ष बिनपगारी उमेदवार होते, नकला करून बोटं शाईने निळी. आणि इंग्रजी कँडिडेटचं मूळ लॅटिन 'पांढरा', रोमात निवडणुकीला उभे राहणारे खडूने पांढरा केलेला झगा घालून फिरायचे. आपली कडक इस्त्री तिथलीच म्हणायची.

अटलांटिकपार: हॅरिसना 'मिळाली'च. 21 जुलैला बायडन बाजूला झाले, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात डेमोक्रॅटिक पक्षाच्या डेलिगेट्सनी (अधिवेशनात उमेदवार ठरवणारे प्रतिनिधी) ऑनलाइन मतं टाकली, प्रायमरीत बाईंचं नाव कुठे होतं? 1968 ला त्याच पक्षाचे हम्फ्री तर एकही प्रायमरी न लढवता उमेदवार झाले, त्या अधिवेशनातल्या राड्यानंतरच नियम बदलले. 2016 ला हिलरी क्लिंटननी मात्र जिंकली, लोकांची मतंही प्रतिस्पर्धी सँडर्सपेक्षा जास्त होती. पण 700 हून जास्त सुपरडेलिगेट (पदामुळे आपोआप मत मिळणारे पक्षाचे नेते), त्यातले बरेचसे मतदानाच्या आधीच त्यांच्या बाजूने, म्हणून सँडर्सवाले अजून धुसफुसतात. 2018 पासून चुरस असेल तर सुपरडेलिगेटना पहिल्या फेरीत मत नाही.

देवगडी: सुपरडेलिगेट म्हणजे आमच्या जत्रेतले मानकरी!!

शुद्धलेखनी: मानकरी पिढीजात असतात, हे खासदार-गव्हर्नर म्हणून आलेले. 'पदसिद्ध प्रतिनिधी' असा स्वच्छ शब्द असताना जत्रा कशाला? आणि प्रायमरी, डेलिगेट, राडा... ही शब्दचर्चा आहे ना?

तिखटमीठ: ताई, प्रायमरीला आधी 'प्राथमिक निवडणूक' लिहिलं होतं, बाबांनी विचारलं जिल्हा परिषद शाळेची का.

शुद्धलेखनी: 'पूर्वनिवडणूक' लिहा. चार वेळा वापरलं की रुळतं.

झेडपीवाला: रुळलेलं सोडून रुळवायचं कशाला. मुद्दा क्रियापदाचा आहे. आपल्याकडे तिकीट मिळतं, कापलं जातं, पळवलं जातं, जिंकलेलं कुणी ऐकलंय का? देणारा वर बसलाय हे भाषेलाच ठाऊक आहे.

अटलांटिकपार: म्हणूनच तर 'जिंकली' जपून वापरा, 2028 ला भरलेल्या प्रायमरीतून जो येईल त्याच्यासाठी ठेवा. डेमोक्रॅट्समध्ये न्यूसम, बुटिजेज अशी नावं चालू आहेत, सगळे सध्या आजोबांसारखे बिनपगारी.

देवगडी: जनतेचा 'कौल' म्हणता ना, तो पण आमच्या देवळातलाच. देवाला पाकळ्या लावतात, उजवी पडली की होकार.

जुनं_खोड: कौल शब्द अरबी आहे हो.

देवगडी: अरबी? गुरवाला सांगून बघा एकदा.

तिखटमीठ: अहो पण मी लिहू काय, अंक उद्या छापायला जातोय...

देवगडी: आणि डावी पडली तर परत गाऱ्हाणं घालायचं.