मातीत कुजणारा मल्चिंग पेपर: अनुदान द्यावं का?

शेतमळा: टोमॅटो निघाला की मल्चिंग पेपर (ओल टिकावी, तण उगवू नये म्हणून वाफ्यावर अंथरलेलं पातळ प्लास्टिक) गोळा करायला मजूर मिळत नाही. मग तो बांधावर पेटतो, नाहीतर रोटाव्हेटरखाली जातो. पॉलिथिनचे ते तुकडे नातवंडांच्या काळातही रानातच असणार. पीबीएटी (सूक्ष्मजीव खाऊ शकतात असं प्लास्टिक) आणि स्टार्चचा जैवविघटनशील पेपर महाग आहे, म्हणूनच अनुदान त्याला द्या.

काळी_माती: माझा विरोध. या नावाखाली काहीही खपवतात. ऑक्सो पेपर म्हणजे पॉलिथिनच, फक्त लवकर ठिसूळ होणारं. उन्हात भुगा होतो, कुजत नाही. युरोपीय संघाने 2021 पासून ऑक्सोच्या वस्तू विकायला बंदी घातली. पीएलएवर (मक्यासारख्या पिकांपासून केलेलं प्लास्टिक) 'कंपोस्टेबल' छापतात, पण ती चाचणी 58 अंश सेल्सिअसच्या आसपास होते. आपल्या वाफ्यात एवढी उष्णता कुठली?

शेतमळा: ऑक्सोबद्दल सहमत, पण त्याचं खापर पीबीएटीवर नको. झुरिचच्या ईटीएच संस्थेतल्या संशोधकांनी 2018 साली पीबीएटीमध्ये खुणेचा कार्बन घालून तो मातीत कुठे जातो ते पाहिलं. काही कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडला, काही थेट बुरशीच्या पेशींत सापडला. बुरशी आणि जिवाणू आधी विकर (एन्झाइम) सोडून प्लास्टिकच्या रेणूंची साखळी तोडतात, मग सुटे रेणू खातात. हे काम पृष्ठभागावर चालतं, त्यामुळे इथे तुकडा बारीक झाला तर फायदाच.

काळी_माती: ओल असेल तर! ईएन 17033 हे युरोपचं मानक 2 वर्षांत 90 टक्के विघटन मागतं, पण प्रयोगशाळेतल्या ओलसर मातीत, 20 ते 28 अंशांना. आमच्याकडे एप्रिलमध्ये कलिंगडाचे वेल काढले की पावसापर्यंत रान ठणठणीत कोरडं. जुना पेपर संपायच्या आत नवा अंथरला, तर मातीतला साठा वाढतच जाणार.

ठिबकवाली: आमच्या वाफ्यावर नेमकं हेच दिसतं. कडेला मातीत दाबलेली पट्टी बोटांत चुरते, मधला वाळलेला भाग चिवट राहतो. काढणीनंतर पेपर गाडून ठिबकचं एखादं पाणी द्यायला हवं.

काळी_माती: ताई, उन्हाळ्यात प्यायला पाणी नाही, पेपर कुजवायला कुठून आणू? त्यापेक्षा 30 मायक्रॉनचा जाड पेपर घ्या, तो अखंड निघतो. ऊस असेल तर पाचट अंथरा.

शेतमळा: जाड पेपर निघेल, पण पुढे? आमच्या गावात मातीने माखलेला पेपर भंगारवाला हातात घेत नाही. मातीतल्या चाचणीचा दाखला असेल त्याच पेपरला अनुदान, एवढी अट घाला. ऑक्सोवाले आपोआप बाहेर पडतील.

काळी_माती: दाखला आपल्या कोरडवाहू मातीतल्या चाचणीचा असेल, तर माझा विरोध मागे.